चुन्याच्या वड्या आणि गोकुळाबाईंची विहीर

अमरावतीच्या राजापेठेत आमच्या गल्लीत मला अजूनही ‘तेलवाल्या मॅडम’ म्हणतात. मी तेल कधी विकलं नाही. उलट लोकांचं तळून तळून काळं झालेलं तेल गोळा करायचं आणि त्याचं डिझेल करायचं, या कामात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. पण हे प्रत्येकाला समजावत बसण्यापेक्षा तेलवाल्या म्हणवून घेणं सोपं पडतं. दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा खरं तर कंटाळाच आला. केलं तेवढं पुरे नाही का, आता ते लिहायचंही? मग वाटलं, बाकी राहू द्या, गोकुळाबाईंच्या विहिरीची गोष्ट तेवढी लिहून ठेवावी. ती माझ्याशिवाय कोणाला पूर्ण माहीत नाही.

आधी काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तेलाचा एक कण म्हणजे एकत्र कुटुंब समजा. ग्लिसरीन हा बाप आणि त्याला धरून राहिलेले तीन लांबलचक भाऊ. कुटुंब एकत्र आहे तोवर तेल घट्ट असतं, इंजिनात नीट जळत नाही, काजळी धरतं. त्यात मिथेनॉल नावाचं स्पिरिट घातलं की एकेक भाऊ बापाला सोडतो आणि मिथेनॉलशी संसार मांडतो. झालं बायोडिझेल. बाप बिचारा तळाशी जाऊन बसतो. पण आपल्याकडे वाटण्या काय आपोआप होतात? मधे कोणीतरी जाणता बसवावा लागतो. तो दोन्हीकडून बोलतो, प्रकरण मिटवतो आणि आला तसा उठून जातो. त्याला शास्त्रात उत्प्रेरक म्हणतात, आम्ही कॅटॅलिस्ट म्हणायचो. आला तसा उठून जातो हे मात्र पुस्तकातलं. आमच्याकडे हा मध्यस्थ म्हणजे कॉस्टिक पोटॅश. कामाला चपळ, पण डोक्याने गरम. तेल जुनं, आंबट झालेलं असलं किंवा त्यात थोडंसं पाणी असलं की हा वाटणी सोडायचा आणि तिथेच साबण करत बसायचा. आख्खी टाकी खळीसारखी व्हायची. शिवाय काम झाल्यावर तो डिझेलमधून निमूटपणे निघायचाही नाही. त्याला काढायला डिझेल पाण्याने धुवावं लागायचं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ते धुवण दुधासारखं पांढरं, बुळबुळीत. या धुवणावरच पुढचं सगळं रामायण घडलं.

कारखाना नांदगाव पेठच्या एमआयडीसीला लागून, पण तिच्या हद्दीबाहेर होता. मालक भैयासाहेब. त्यांच्या घरी पूर्वी कापसाचं जिनिंग होतं, सरकीचा आणि तेलाचा त्यांचा जुना संबंध. माणूस मनाने वाईट नव्हता. नवं काही दिसलं की त्यांना हुरूप यायचा आणि ते नवं जुनं व्हायच्या आत उतरायचाही. मी तिथली एकटी केमिस्ट. प्रयोगशाळा म्हणजे एक ओटा, एक तराजू, काचेची भांडी आणि खिडकीतून येणारा वास. तो वास माझ्या ओढण्यांना असा बसला होता की घरी आल्यावर सून विचारायची, ‘आई, आज भजी होती का कुठे?’

गिऱ्हाइकं आणि माल देणारे, दोन्ही एकापेक्षा एक. अकोल्याहून एक कचोरीवाले तेल पाठवायचे. डब्यात वर तेल आणि खाली पाणी. मी फोन केला की म्हणायचे, ‘म्याडम, कढई धुतली त्याचं आलं असन थोडसं. तेल आन् पानी, दोन्ही पातळच हाये ना बाप्पा!’ त्यांच्या तेलाचा मी दोनदा साबण केला, तिसऱ्या वेळी डबे परत पाठवले. मग चरबी आली. जनावरांची चरबी वितळवून गाळलेली, पिवळट, चांगली निघायची. पण ती आंबट असते, तिला आधी गंधकाचं तेजाब पाजून शांत करायचं आणि मगच पोटॅशच्या ताब्यात द्यायचं. एवढं करून डिझेल झालं, तर एका गणपती मंडळाची पोरं जनरेटर घेऊन दारात. ‘याच्यात चरबी तं नाही ना, मॅडम?’ मी म्हटलं, या टाकीत आहे, त्या टाकीत नाही. त्यांनी ‘नाही’वाल्या टाकीतलं नेलं आणि जाताना ‘आहे’वालीलाही लांबून नमस्कार केला. हिवाळ्यात परतवाड्याच्या एका गाडीवाल्याने चरबीचं डिझेल भरलं आणि गाडी चिखलदऱ्याला नेली. सकाळी त्याचा फोन आला. ‘ताई, टाकीत तूप जमलं. आता काय करू, पुरनपोळ्या करू?’ चरबीचं डिझेल थंडीत गोठतं हे मी त्याला सांगितलं होतं. पण अमरावतीच्या उन्हात उभ्या माणसाला थंडीचं काही सांगून पटत नाही.

गोकुळाबाई गिऱ्हाईक नव्हत्या. आमच्या मागच्या कुंपणापलीकडे त्यांचा संत्र्याचा बगीचा. नवरा शाळेत शिपाई होता, त्यामुळे शेती पहिल्यापासून बाईच पाहायच्या. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, अंगाने सडसडीत, आवाज मात्र असा की ओलिताचं पाणी सोडणारा गडी शेताच्या दुसऱ्या धुऱ्यावर असला तरी त्याला ऐकू जावा. एका सकाळी त्या थेट गेटमधून आत आल्या. हातात शरबताची जुनी बाटली, तिच्यात पाणी. चौकीदार मागून ‘ओ बाई, ओ बाई’ करत येत होता.

‘इथं डिझेलचं पाहनारी बाई कोन हाये?’

‘मी.’

‘हे हालवून पाहा.’

मी बाटली हलवली. फेस आला आणि बराच वेळ खाली बसला नाही. मला वास घ्यायचीही गरज नव्हती. तो फेस मी रोज पाहत होते.

‘माह्या विहिरीचं पानी हाये. बैल तोंड लावत नाई त्याले. गावातल्या बाया म्हनतात, गोकुळा, विहिरीले भूत लागलं. म्या म्हटलं, भूत नाई व, कारखाना लागला.’

आमचं धुवण मागे एका खड्ड्यात सोडलेलं असायचं. टँकर येऊन ते उचलणार असं ठरलं होतं. टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही. खड्ड्याला अस्तर नव्हतं. पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवू, असं मी भैयासाहेबांना म्हटलं की ते वर पंख्याकडे बघायचे. मी गोकुळाबाईंना म्हटलं, ‘मी बघते काय करता येतं ते.’

‘पाहू नका. पेऊन दाखवा,’ त्या म्हणाल्या. ‘एक घोट. तुमीनं पेलं तं मी बैलाले पाजतो आन् घरी जातो.’

मी बाटली ओट्यावर ठेवली. प्यायले नाही. त्यांचा राग मी सहन केला असता. पण त्या रागावल्या नाहीत, नुसत्या ‘हं’ म्हणाल्या आणि बाटली तिथेच ठेवून गेल्या. ती माझ्या ओट्यावर पुढे कितीतरी महिने होती. मी मधून मधून ती हलवून पाहायची, जणू फेस आपणहून जिरणार होता.

धुवणच नको असेल तर पोटॅश नको, हे उघड होतं. मध्यस्थ असा हवा की जो तेलात विरघळणारच नाही, दगडासारखा एका जागी बसून काम करेल आणि काम झाल्यावर उचलून बाजूला ठेवता येईल. अशा घन उत्प्रेरकांवर जगभर लोक काम करतात. कोणी अंड्याची टरफलं भाजतं, कोणी केळीच्या खुंटाची राख वापरतं. मी राजापेठेतल्या ऑम्लेटच्या गाड्यांवरून टरफलं आणली, घरात त्यावरून बोलणी खाल्ली. शेवटी मन बसलं साध्या चुन्यावर. चुन्याचा खडा चांगला लाल होईपर्यंत भाजला की तो चढतो, म्हणजे कामाला तयार होतो. काचेच्या भांड्यात त्याने सरकीच्या तेलाचं डिझेल केलं. पोटॅशपेक्षा सावकाश, पण केलं. आणि मी ते डिझेल पाण्यात घालून हलवलं तर फेस आला नाही. त्या दिवशी मी घरी जाताना रघुवीर मिठाईवाल्यांकडे न थांबता, कोपऱ्यावरच्या साध्या गाडीवरून गरम जिलेबी घेतली. कोणाला कारण सांगितलं नाही.

भांड्यात होणं आणि टाकीत होणं यात मोठं अंतर असतं. भुकटी घातली तर ती डिझेलात गाळ होऊन बसते. म्हणून चुन्यात थोडी माती मळायची, वड्या थापायच्या, त्या भाजायच्या आणि जाळीच्या मोठ्या टोपलीत भरून टोपली टाकीत सोडायची, असं ठरवलं. वड्या थापायला आमचा ऑपरेटर दिगंबर होता. टाक्या चालवणं, पंप पाहणं, झडपा उघडणं-मिटणं, सगळं त्याच्याकडे. घरी आई-आजीला वड्या घालताना पाहिलेला माणूस, चुन्याच्या वड्या त्याने अशा एकसारख्या घातल्या की बघत राहावं. ‘ताई, मुंगाच्या वड्याईले बी एवढी मेहनत नाई लागत,’ म्हणायचा. त्या कामाचा त्याला अभिमान होता. चहाला येणाऱ्या प्रत्येकाला तो वड्या दाखवायचा.

भाजायला भट्टी हवी. ती मिळाली अकोल्याला, जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. युसूफभाई नावाचे म्हातारे गृहस्थ. त्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्या चुन्याची भट्टी. आता घरं रंगवायला चुना कोणी घेत नाही, भट्टी नावापुरती उरली होती. मी वड्यांचे ट्रे घेऊन गेले तेव्हा त्यांनी एक वडी उचलून नाकाशी धरली, कानाशी धरली आणि म्हणाले, ‘चुना तो जलाते आये, पण वड्या पैल्यांदाच. याचं करनार काय तुमी?’ मी सांगितलं. त्यांना किती कळलं ठाऊक नाही, पण म्हणाले, ‘ही भट्टीची आखरी आग हाये म्याडम. पोरं म्हनतात बंद करा, जागा मोकळी करा. चला, चांगल्या कामाले लागू द्या.’ वड्या भाजून निघाल्या त्या पांढऱ्या, हलक्या, वाजवल्या तर खणखणीत. डबे बंद करताना त्यांनी मला परत परत बजावलं. ‘याले पानी तं सोडाच, ओली हवा बी लागू देऊ नका. ताजा चुना म्हंजे मांडवातला नवरदेव. जरासं झालं का रुसते.’

मी डब्यांना रबराची पट्टी लावली, वर मोठ्या अक्षरात ‘पाण्यापासून दूर ठेवा’ लिहिलं आणि भैयासाहेबांसमोर बसले. त्या सुमारास प्रदूषणवाल्यांची नोटीस आली होती. धुवण थांबवा नाहीतर कारखाना थांबवा, एवढा साधा मजकूर. भैयासाहेब वैतागलेले होते. ‘मॅडम, चुना मला लावताय की तेलाला?’ असं म्हणून स्वतःच हसले. मग म्हणाले, ‘एक घाणा करा. एकच. जमलं तर आपण धुणं बंद करू. नाही जमलं तर पोटॅश चालू, आणि चालेल तोवर चालेल.’ घाणा म्हणजे टाकीभर तेलाची एक खेप. त्यासाठी चांगलं, ताजं सरकीचं तेल राखून ठेवलं. दिवस ठरला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. मध्ये सणाची सुटी, टाक्या रिकाम्या, सगळं सोयीचं.

मी कुंपणाशी जाऊन गोकुळाबाईंना सांगितलं. त्या झाडाखाली गवत काढत होत्या.

‘दसरा झाल्यावर नवीन रीत सुरू करतोय. ती जमली तर धुवणाचं पाणीच राहणार नाही.’

‘आन् नाई जमली तं?’

‘जमेल.’

‘शप्पत?’

मी शपथ घेतली नाही, पण मान हलवली. त्या म्हणाल्या, ‘मंग जमू दे व बाई. आंब्या बहाराच्या टायमाले, संत्रा फुलते तवा, मले पानी चांगलं पाह्यजे.’ तुम्हीचं तू झालं होतं. मला ते आवडलं.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. शेतकरी नांगर-वखर धुतो, शिंपी मशीन पुसतो, ड्रायव्हर गाडी धुऊन तिला हार घालतो. कारखान्यातही आदल्या दिवशी सगळी मंडळी मिळून टाक्या, पंप, पाने, अगदी माझा तराजूसुद्धा चकाचक करायची. मी दरवर्षी दसऱ्याच्या सकाळी पूजेला जायची, त्या वर्षीही गेले. पर्समध्ये आपट्याची पानं होती. फाटकाला आंब्याची पानं आणि झेंडूचं तोरण. आत शिरताच दिगंबर पुढे आला, नवा शर्ट, कपाळाला गंध. चेहरा उजळलेला. ‘चला ताई, तुमचीच वाट पाहून राहिलो. औंदा पूजा लय झ्याक मांडली.’

मधोमध पाट होता. पाटाभोवती रांगोळी. आणि पाटावर जाळीची टोपली, तिच्यात पांढरा, ओला, फुगलेला गोळा. त्यावर हळद, कुंकू, अक्षता आणि सगळ्यात वर झेंडूचं एक टपोरं फूल. बाजूला नारळ फोडलेला. डबे एका ओळीत पालथे घातलेले, धुऊन वाळत.

मला लगेच कळलं. तरी मी विचारलं, ‘वड्या कुठे आहेत?’

‘ह्याच,’ दिगंबर म्हणाला. ‘डबे खोलले तं वड्याईवर पांढरी धूळ होती. अशी कशी पूजा करनार, म्हून पैले पाइपनं आंघोळ घातली. ताई, काय सांगू, पानी पडलं तशी वाफ निघाली! चर्र आवाज झाला. टोपली हात लावू देई ना एवढी गरम. सगळ्यायनं हात जोडले. म्या म्हटलं, देवी पावली.’

चुन्यावर पाणी पडलं की तो तापतो, फुलतो आणि विरतो. त्यात देवीचं काही नसतं. विरलेला चुना आमच्या कामाचा राहत नाही. वडी तर राहिलीच नव्हती, चिखल होता.

मी डब्यावरची अक्षरं दाखवली. दिगंबरने ती वाचली. ती त्याने आधीही वाचली होती. ‘ते तं मले मालूम होतं ताई. पावसाचं पानी लागू द्याचं नाई. पन पूजेचं पानी, ते काय पानी असते काय?’ मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याचा आवाज खाली गेला. ‘सगळ्यात मोठी वस्तू हेच हाये आपली, असं तुमीच म्हनत होत्या. म्हून पैला मान हिले देला.’

मला भयंकर राग आला होता. आणि रागवायला समोर कोणी नव्हतं. कोणावर ओरडायचं, नवा शर्ट घालून उभ्या असलेल्या त्या माणसावर? त्याने माझ्या कामाला जेवढा मान दिला तेवढा आजवर कोणीच दिला नव्हता, ना भैयासाहेबांनी, ना घरच्यांनी. मी खुर्चीवर बसले. कोणीतरी हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, तो खाल्ला. पर्समधली आपट्याची पानं काढून सगळ्यांना वाटली. दिगंबर पाया पडला तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवला. आता वाटतं, त्या क्षणी माझ्यातलं काहीतरी दमलं, ते पुढे पूर्ववत झालं नाही.

भैयासाहेब पांढरे कपडे घालून पूजेला आले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टोपलीला नमस्कार केला आणि म्हणाले, ‘देवाच्या मनात नाही, मॅडम.’ देवाला यात का ओढता, असं ओठावर आलं होतं, गिळलं. दुसऱ्या दिवशी टाकीत पोटॅश पडला. राखून ठेवलेल्या सरकीच्या तेलाचं उत्तम डिझेल झालं आणि नेहमीसारखं पाण्याने धुतलं गेलं. वड्या पुन्हा भाजून मिळतील का, हे विचारायला मी अकोल्याला फोन केला. युसूफभाईंच्या मुलाने उचलला. भट्टी पाडून झाली होती.

त्या आठवड्यात गोकुळाबाई कुंपणाशी आल्या. ‘काय झालं व तुह्या वड्याईचं?’

मी सांगितलं, जसं घडलं तसं. मला वाटलं, आता ऐकवतील. त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. ‘चुन्याले आंघोळ घातली? अव माय व!’ हसू ओसरल्यावर म्हणाल्या, ‘तो चुना कुठी हाये मंग?’

मागे ढिगारा पडला होता. त्यांनी बोटाने चोळून पाहिला आणि दोन गडी बोलावून पाट्या भरून नेला. संत्र्याच्या खोडाला डिंक्या रोग लागू नये म्हणून चुना आणि मोरचूद कालवून लावतात. माझ्या कित्येक महिन्यांच्या मेहनतीचा लेप त्यांच्या बागेतल्या झाडांच्या बुंध्यांना लागला, निळसर पांढरा. रोज खिडकीतून दिसायचा. कोणी विचारलं तर मी सांगायची, तो माझा प्रकल्प. विहिरीचा विषय मात्र त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. आंब्या बहाराला त्यांनी शेजारच्या शेतातून पाइप टाकून पाणी आणलं. माझ्या हलवलेल्या मानेची त्यांनी कधी आठवण करून दिली नाही. ते जास्त लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात कारखाना बंद झाला. नोटिशीमुळे म्हणा, भैयासाहेबांचा हुरूप ओसरला म्हणून म्हणा. टाक्या भंगारात गेल्या. दिगंबर एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात लागला, तिथे तो खूश आहे. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन येतो. ‘ताई, मशिनीले पानी लावू का नको?’ मी म्हणते, तिथल्या इंजिनिअरला विचार. तो म्हणतो, त्याले इचारलं, पन तुमाले बी इचारून ठेवतो.

एक गोष्ट मला आजही माहीत नाही. तो घाणा जमला असता का? भांड्यात थोडा चुना डिझेलमध्ये उतरायचा. टाकीत जास्त उतरला असता, कदाचित वड्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला थकल्या असत्या. हरले असते तर हरले म्हणून मोकळी झाले असते. पण मी हरलेही नाही. परीक्षेच्या आधीच पेपर भिजला. याची चुटपुट जात नाही. लोक म्हणतात, निवृत्त झालात, आता आराम करा. आराम कसा करतात ते कोणी सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात गोकुळाबाईंचा निरोप आला, दिगंबरच्याच हाती. ‘तेलवाल्या बाईले म्हना, एकडाव येऊन जाय.’ मी स्कूटी काढली आणि गेले. कारखान्याच्या जागी आता नुसती मोकळी जमीन, खड्डा बुजवलेला, त्यावर एरंड माजलेला. बाग हिरवीगार. बुंध्यांवर नवा लेप होता, माझ्या चुन्याचा नव्हे. गोकुळाबाई आता जरा वाकल्या आहेत, आवाज तोच.

‘दोन पावसाळे गेले अंगावरून,’ त्या म्हणाल्या. ‘आता पाहा.’

विहिरीवर मोटर आहे, पण त्यांनी मुद्दाम बादली सोडली. दोराने ओढून काढली आणि तांब्या बुडवून माझ्या हातात दिला. मी काही विचार करायच्या आत माझा तळहात तांब्याच्या तोंडावर गेला आणि मी तो हलवू लागले. हात काढून पाहिलं. पाणी हिंदकळत होतं, बाकी काही नाही. पुन्हा झाकून हलवला. पुन्हा पाहिलं.

‘तुहा कारखाना बंद पडला म्हून आलं हे पानी,’ गोकुळाबाई म्हणाल्या. ‘वाईट वाटते काय तुले?’

‘वाटतं,’ मी म्हटलं. ‘माझ्या हाताने व्हायला हवं होतं.’

‘मले बी वाटते. पंधरा-वीस घरं जेवत होती त्याच्यावर. दिगंबर आला का मले सांगते तुहं सगळं.’ मग त्यांनी तांब्याकडे बोट दाखवलं. ‘आता किती हालवशीन व? त्या दिशी नाई पेली तू. आज पे.’

मी प्यायले. थंड होतं, गोड होतं. संपवून मी रिकामा तांब्या पुन्हा त्यांच्यापुढे धरला.